हुकुमानं रस्ता होतो, पाणीवाटप होत नाही

आखातात चार मराठी कुटुंबं एकत्र जेवायला बसली की श्रीखंडाची वाटी रिकामी व्हायच्या आत कुणीतरी ते वाक्य टाकतंच : "इथं बघा, एक माणूस ठरवतो आणि काम होऊन जातं. आपल्याकडे शंभर तोंडं, म्हणून सगळा खेळखंडोबा." लगेच पुरावे हजर होतात. ओमानमधल्या खाबुऱ्याहून मस्कतला जाणारा बातिना द्रुतगती महामार्ग, न जाणारी वीज, वेळेवर उचलला जाणारा कचरा. मग गाडी महाराष्ट्रावर येते. ग्रामपंचायती म्हणजे भांडणाचे अड्डे, जिल्हा परिषदा म्हणजे कंत्राटदारांची सोय, नगरसेवक म्हणजे टक्केवारी. हे सगळं गुंडाळून अधिकार आणि तिजोरी एका खमक्या माणसाच्या हाती द्या, पाच वर्षांत मस्कत करून दाखवतो की नाही बघा.

हे मत आता जेवणापुरतं राहिलेलं नाही. सुट्टीवर गावी गेलेला माणूस ते सामानाबरोबर घेऊन जातो आणि पारावर बसून सांगतो. आखातात राहून आलेला म्हणून त्याच्या शब्दाला वजनही मिळतं. म्हणून ते खोडून काढणं भाग आहे, आणि मी ते ओमानच्याच, त्यातही मी राहतो त्या खाबुऱ्याच्या आधारानं खोडणार आहे. एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. मी इथं पाहुणा आहे, इथल्या राज्यकर्त्यांना शहाणपण शिकवायला बसलेलो नाही. माझं भांडण आपल्याच माणसांशी आहे, कारण ज्या देशाचा दाखला ते देतात त्या देशाकडे त्यांनी धड पाहिलेलं नाही.

पहिला घोटाळा इतिहासाचा आहे. "एका माणसानं देश घडवला" हे म्हणणारे गोष्ट 23 जुलै 1970 पासून सुरू करतात. त्या दिवशी सुलतान काबूस यांनी वडिलांना बाजूला करून सत्ता हाती घेतली. पण 22 जुलैला काय होतं? त्या दिवशीही सत्ता एकाच माणसाच्या हाती होती, आणि कदाचित जास्तच घट्ट. सईद बिन तैमूर 1932 पासून राज्य करत होते. 1958 नंतर ते सलालाला जाऊन राहिले, मस्कतला परतले नाहीत आणि तिथूनच कारभार हाकत राहिले. प्रवास, गाडीची आयात, असल्या गोष्टींनाही त्यांची परवानगी लागे. मस्कतच्या वेशीचे दरवाजे रात्री बंद होत आणि त्यानंतर रस्त्यावर निघणाऱ्याला हातात कंदील धरावा लागे. 1970 साली देशात तीन शाळा आणि जेमतेम 10 किलोमीटर डांबरी रस्ता होता. पैसा नव्हता म्हणावं, तर तेल 1967 सालीच निर्यात होऊ लागलं होतं. तेल होतं, तिजोरी होती, खर्च करायचा की नाही हे ठरवणारा माणूसही एकच होता. त्यानं 'नाही' ठरवलं.

म्हणजे गादी तीच, अधिकारही तितकेच, आणि एका राजवटीत देश कुलूपबंद, दुसऱ्या राजवटीत शाळा, दवाखाने, रस्ते. काबूस यांनी जे केलं त्याचं श्रेय त्यांना द्यायला माझी मुळीच हरकत नाही. खाबुऱ्यातले म्हातारे त्यांचं नाव काढताना आवाज उतरवतात, आणि ते ढोंग नसतं. पण हे श्रेय माणसाचं आणि तेलाचं आहे. एकवटलेल्या सत्तेचं ते असेल, तर आधीच्या 38 वर्षांचा दोषही तिच्याच पदरात घालावा लागेल. आपली मंडळी हिशेबाची दुसरी बाजू लिहीतच नाहीत. मी आयुष्यभर हिशेब लिहीत आलो आहे. असं खातं माझ्या टेबलावर आलं तर मी ते परत पाठवीन.

दुसरा घोटाळा याहून मोठा आहे. ज्या व्यवस्थेचं आपण कौतुक करतो, ती पुरेशी नाही हे खुद्द ओमानच्या राज्यानं कायदे करून मान्य केलेलं आहे. खाबुऱ्याहून सोहार गाडीनं तासाभराच्या आत येतं. 2011 च्या फेब्रुवारीत तिथल्या गोल चौकात तरुण जमले. नोकऱ्या हव्या होत्या, पगार हवे होते, भ्रष्ट मंत्री नको होते. सगळे निर्णय एका ठिकाणी होत असतील तर सगळ्या तक्रारीही त्याच दाराशी जाणार. मधे निवडून आलेली नगर परिषद नाही, अधिकार असलेला कुणी निवडून आलेला माणूस नाही, की ज्याच्याकडे जाऊन चार शिव्या देऊन मोकळं होता येईल. नळाला पाणी नाही आणि पोराला नोकरी नाही, दोन्ही गाऱ्हाणी थेट सिंहासनाच्या नावानं. राज्याला हे परवडत नाही, आणि तिथल्या राज्यकर्त्यांना ते आपल्या जेवणाच्या टेबलापेक्षा लवकर कळलं. त्याच वर्षी मजलिस अल-शुरा या निवडून येणाऱ्या सभागृहाचे अधिकार वाढवले गेले, देशाची 11 मुहाफजांत, म्हणजे प्रांतांत, विभागणी झाली आणि नगर परिषदांचा कायदा आला. 2012 च्या डिसेंबरात या परिषदांची पहिली निवडणूक झाली. सुलतान हैथम 2020 साली गादीवर आल्यावर मुहाफजांचा कायदा झाला, 2022 साली तो पुन्हा नव्यानं लिहिला गेला. विकासासाठी प्रत्येक मुहाफजेला स्वतंत्र निधी मिळू लागला. 2022 च्या डिसेंबरात खाबुऱ्यातल्या माझ्या शेजाऱ्यानं नगर परिषदेसाठी मत दिलं ते फोनवरच्या 'अंतखिब' या अॅपवरून, ओट्यावर कॉफी पीत. 'व्हिजन 2040' मध्ये मुहाफजांचा विकास हा स्वतंत्र अग्रक्रम आहे.

तेव्हा गंमत बघा. ओमान हळूहळू, जपून, पण मस्कतहून बाहेरच्या दिशेनं चालला आहे. आणि ओमानात राहणारा मराठी माणूस ओमानचाच दाखला देऊन महाराष्ट्राला उलट्या दिशेनं ढकलतो आहे.

इथं कुणी म्हणेल, या नगर परिषदांना अधिकार आहेत कुठे? बरोबर आहे. त्या मुख्यतः शिफारशी करतात, मुहाफजेचा प्रमुख, म्हणजे मुहाफिज, शाही फर्मानानं नेमला जातो; त्याखालच्या विलायतीचा वालीही वरूनच येतो. आणि 2020 सालीच, एका बाजूनं मुहाफजांना हातपाय फुटत असताना, दुसऱ्या बाजूनं राज्याचा राखीव निधी आणि गुंतवणुकी एकत्र करून ओमान इन्व्हेस्टमेंट अथॉरिटी स्थापन झाली. खर्चाची ओंजळ खाली, तिजोरीची किल्ली वर. हा अर्धवटपणा मी लपवत नाही. उलट माझा मुद्दा तिथूनच सुरू होतो. वरून आलेला निधी खर्च करण्याचा अधिकार आणि स्वतःचं उत्पन्न गोळा करून त्याचा हिशेब शेजाऱ्याला देण्याचा अधिकार, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्या प्रकारची सत्ता कशी दिसते हे पाहायला खाबुऱ्यातून डोंगराकडे तोंड करायचं.

खाबुरा किनाऱ्यावर आहे, पण विलायतीचा पसारा आत हजर पर्वतापर्यंत जातो. वादी हवासिनाच्या खोऱ्यातल्या गावांत फलज आहेत. डोंगरातलं पाणी उतारानं गावात आणणारा पाट, कुठे उघडा, कुठे जमिनीखालून. देशभरात असे तीन हजारांवर फलज वाहते आहेत. त्यांपैकी पाच 2006 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. आपली माणसं रविवारी, म्हणजे इथल्या शुक्रवारी, तिथं पाय बुडवून फोटो काढतात आणि परत येतात. त्या पाण्याचा कारभार कोण बघतो, हे विचारत नाहीत.

पाट गावात शिरतो तिथं आधी पिण्याचं पाणी भरायचं. त्याखाली मशीद, मग अंघोळीची जागा. मग खजुराची बाग, आणि सगळ्यात शेवटी हंगामी पिकांची खाचरं. ही उतरंड सोयीची नाही, विचाराची आहे : पाऊस रुसला की आधी खालची हंगामी खाचरं कोरडी ठेवायची, खजूर जगवायचा, पिण्याला हात लावायचा नाही. दुष्काळात कुणाचं पाणी आधी तुटेल हे दुष्काळ यायच्या आधीच ठरलेलं असतं. पाण्याची मोजणी घनफुटात होत नाही, वेळेत होते. अर्ध्या तासाच्या आसपासचा हिस्सा म्हणजे एक 'असर'. दिवसा उन्हातल्या काठीच्या सावलीवरून, रात्री ताऱ्यांवरून पाळी ठरे. आता मनगटी घड्याळ आलं. पाळी बदलते तो क्षण जवळून पाहण्यासारखा असतो. एक जण वाकून दगड आणि चिंध्यांचा बोळा आपल्या वाफ्याच्या तोंडात कोंबतो, दुसरा त्याच क्षणी पुढच्या तोंडातला बोळा उपसतो. दोघं एकमेकांकडे बघत नाहीत, पण दोघांचंही घड्याळाकडे लक्ष असतं. एखाद्यानं दोन मिनिटं जास्त घेतली तर त्यासाठी मस्कतहून निरीक्षक यावा लागत नाही.

या सगळ्यावर एक वकील असतो, गावानं मानलेला. त्याच्या हाताखाली पाळ्या बघणारा अरीफ. पैसे सांभाळणारा काबिध वेगळा. काही हिस्से खुद्द फलजच्या नावावर असतात, काही मशिदीच्या. त्यांच्या पाण्याचा लिलाव होतो आणि त्या पैशातून पाट साफ होतो, भिंत पडली तर बांधली जाते. म्हणजे पाणी, पैसा, देखभाल आणि हिशेब एकाच वर्तुळात फिरतात आणि त्या वर्तुळातला प्रत्येक माणूस दुसऱ्याला नावानं ओळखतो. शतकानुशतकं इमाम आले, पोर्तुगीज आले, इराणी आले, सुलतान बदलले; वकिलाचं काम थांबलं नाही. ओमानात सर्वांत जास्त काळ अखंड चालत आलेली सार्वजनिक सेवा कुठली असेल तर ती हीच, आणि ती कुणा एकाच्या हुकुमानं चाललेली नाही.

फलज म्हणजे रामराज्य असं मला म्हणायचं नाही. हिस्से वारशानं मिळतात आणि विकले जातात. ज्याच्या घरात हिस्सेच नाहीत त्यानं लिलावात पाणी घ्यायचं किंवा दुसऱ्याच्या बागेत राबायचं. बायकांच्या नावे हिस्सा असतो, पण बैठकीत त्या क्वचितच दिसतात. गावगाड्याचे दोष जिथं गाव आहे तिथं असणारच, आणि बाबासाहेब आंबेडकरांनी गावाला कोतेपणाचं डबकं का म्हटलं होतं हे मराठी माणसाला सांगावं लागू नये. पण या दोषांवर इलाज म्हणून पाण्याचा नळ राजधानीत नेऊन बसवला तर हिस्से नसलेल्याला पाणी मिळतं असं कुठं दिसलेलं नाही. त्याला फक्त तक्रार करायला लांब जावं लागतं.

आता विरोधी बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा. तो माझ्या घराच्या मागेच आहे, त्यामुळे टाळता येणार नाही.

बातिनाची किनारपट्टी म्हणजे ओमानची शेती. देशातली जवळपास निम्मी लागवडीची जमीन या पट्ट्यात. इथं फलज नाहीत, विहिरी आहेत. पूर्वी विहिरीवर 'झजरा' असे : उतारावरून खाली चालत जाणारा बैल, चाकाची करकर, चामड्याची पोहरी. आपली मोटच. बैल दमला की पाणी थांबे, त्यामुळे उपशाला आपोआप लगाम होता. 1970 नंतर डिझेलचे पंप आले आणि बैलाचं दमणं संपलं. ज्यानं त्यानं आपल्या विहिरीतून हवं तितकं उपसलं. जमिनीखाली गोडं पाणी समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. शास्त्र असं सांगतं की गोड्या पाण्याची पातळी एक मीटर उतरली तर खालचं खारं पाणी चाळीसएक मीटर वर चढू शकतं. तसं ते चढलं. किनाऱ्यालगतच्या बागांत शेंडे वाळलेले, बुंधे नुसते उभे राहिलेले खजूर आजही दिसतात. पानं गेलेल्या माडासारखे दिसतात ते, कोकणातल्या माणसाला बघवत नाहीत.

विरोधक म्हणतात : हे बघा स्थानिकांच्या हाती पाणी दिल्याचे परिणाम. केंद्रानं वेळीच हात घातला नसता तर बातिना वाळवंट झालं असतं.

हा युक्तिवाद ऐकायला चोख वाटतो, पण बातिनाच्या पाण्याचा कारभार स्थानिकांच्या हाती कधी होताच कुठे? विहीर ज्याच्या-त्याच्या मालकीची होती. विहिरींचा वकील नव्हता, अरीफ नव्हता, पाळी नव्हती, आपल्यानंतर कुणाचा नंबर आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सामायिक कारभार आणि ज्याचा-त्याचा मनमानी उपसा यांना एकाच पोत्यात भरणं ही या वादातली सगळ्यात जुनी हातचलाखी आहे. एलिनॉर ऑस्ट्रॉम या बाईंनी 1990 सालच्या आपल्या पुस्तकात नेमकी हीच हातचलाखी उघडी पाडली होती. पाणी, कुरण, मासे असल्या सामायिक गोष्टी एक तर सरकारनं ताब्यात घ्याव्यात नाही तर खासगी कराव्यात, तिसरा मार्गच नाही, असं मानणाऱ्यांना त्यांनी जगभरची तिसऱ्या मार्गाची उदाहरणं दाखवली. 2009 साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. जेवणाच्या टेबलावर मात्र ते अजून पोचलेलं नाही.

शिवाय पंप आकाशातून पडले नव्हते. शेतीला सवलतीची कर्जं दिली ती केंद्रानं. डिझेल स्वस्त ठेवलं ते केंद्रानं, आणि ही किंमत 2016 च्या जानेवारीपर्यंत बांधलेलीच होती. मस्कतमध्ये बसून इंधनाचा एकच भाव ठरवणाऱ्याला खाबुऱ्यातल्या विहिरीची खार दिसत नाही. त्यानं वाईट हेतूनं नाही, चांगल्या हेतूनंच बातिना उपसायला मदत केली. मग 1988 साली शाही फर्मानानं पाणी राष्ट्रीय संपत्ती जाहीर झालं, परवाने आले, नव्या विहिरींवर बंदी आली, वादी हवासिनावर पुनर्भरणाचं धरणही बांधलं गेलं. धरणाचा उपयोग आहे, ते मी मान्य करतो. पण परवान्यानं विहिरी मोजता येतात, पंप रात्री किती तास चालला हे मोजता येत नाही. ते मोजू शकतो फक्त शेजारी, आणि शेजाऱ्याला ते मोजण्यात स्वारस्य तेव्हाच असतं जेव्हा तुमच्यानंतर पाळी त्याची असते. बातिनात पाणी सरकारचं झालं, म्हणजे राखण्याचं कामही सरकारचंच झालं. शेतकऱ्याकडे उरला तो फक्त उपसा. खार चढायची थांबली नाही.

एक कायदा मात्र नेमका बसला. फलजच्या उगम-विहिरीपासून साडेतीन किलोमीटरच्या आत नवी विहीर खणायला मनाई आहे. हे काम गाव करू शकलं नसतं. पलीकडच्या श्रीमंतानं बोअर मारली तर वकील त्याला काय म्हणणार? इथं राज्याची ताकदच लागते. पण त्या कायद्यानं आत काय करायचं ते सांगितलं नाही. असर कुणाला किती, लिलाव कोणत्या वारी, पाट कधी साफ करायचा, हे गावाकडेच राहू दिलं. कुंपण राज्यानं घालायचं, आतलं वाटप गावानं करायचं. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी कुठल्या पुस्तकातून आणलेलं नाही, वादी हवासिनाच्या पाटावर उभं राहून बघता येतं.

धुळे-नाशिककडच्या वाचकांना हे ऐकून फड पद्धत आठवली असेल. पांझरा, मोसम या नद्यांवरचे बंधारे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक, पाणी सोडणारा पाटकरी, राखणीला जागल्या, पाण्याचा हक्क आणि देखभालीची जबाबदारी एकाच खात्यावर. काही शतकं हा कारभार चालला. मग वरच्या अंगाला धरणं झाली, पाणी पाटबंधारे खात्याचं झालं, पाटकऱ्याच्या जागी अर्ज आला. फड मोडले ते शेतकऱ्यांनी भांडून मोडले असं कुणी दाखवून द्यावं.

आणि बातिनाची चूक आपण आत्ता, डोळ्यांदेखत, मोठ्या प्रमाणावर करतो आहोत. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना 2024 पासून मोफत वीज देणारी योजना मंत्रालयातून निघाली, तिला नावही बळीराजाचं. भूजल कुठे किती खोल आहे याचा तिथं प्रश्नच नाही. लातूरलाही तोच नियम आणि कोल्हापूरलाही तोच. हे एकहाती आणि झटपट निर्णयाचं उत्तम उदाहरण आहे. ज्यांना हुकुमाचा कारभार हवा आहे त्यांना तो मिळालेला आहे, फक्त त्यांनी तो ओळखला नाही.

जिल्हा परिषदांचंही तेच. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशीवरून 1 मे 1962 ला महाराष्ट्रात त्या सुरू झाल्या तेव्हा देशभर कौतुक झालं. 1992 च्या घटनादुरुस्त्यांनी पंचायतींसाठी 29 आणि नगरपालिकांसाठी 18 विषयांच्या याद्याच दिल्या. याद्या राहिल्या, पैसा वरच राहिला. मुंबईची जकात 2017 साली जीएसटीबरोबर गेली आणि देशातली सगळ्यात श्रीमंत महापालिका आपल्याच शहरातून निघालेल्या पैशाच्या भरपाईसाठी राज्याच्या हप्त्याकडे बघू लागली. जिल्ह्याच्या निधीची वाटणी पालकमंत्र्याच्या अध्यक्षतेखाली होते, म्हणून 2025 च्या जानेवारीत रायगड आणि नाशिकच्या पालकमंत्रिपदांवरून एवढी ओढाताण झाली की जाहीर झालेल्या नेमणुका लगेच थांबवाव्या लागल्या. गावाच्या वेशीवर फलक लागतो : अमुक साहेबांच्या अथक प्रयत्नांतून मंजूर. अथक प्रयत्न म्हणजे गावानंच भरलेला कर मुंबईहून परत आणणं. ज्या पंचायतीला गटार बांधायला आमदाराच्या पाया पडावं लागतं, तिच्यातली माणसं टक्केवारी शिकणार नाहीत तर काय शिकतील? आधी हात बांधायचे आणि मग लुळा म्हणून हिणवायचं, हा न्याय झाला नाही.

जिथं हात सोडले तिथं काय झालं हेही महाराष्ट्रातच दिसतं. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला, 2011 साली बांबूच्या वाहतुकीचे पास देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही त्यांची घोषणा. लक्षात घ्या, दिल्ली-मुंबईचं सरकार ते नाकारत नाहीत.

संकटकाळाचं काय, हा प्रश्न उरतो. तिथं तरी एकच डोकं हवं ना? 3 ऑक्टोबर 2021 ला शाहीन वादळ याच किनाऱ्यावर आलं. खाबुऱ्यात 369 मिलिमीटर पाऊस पडला, वर्षाच्या सरासरीच्या तिपटीहून जास्त. वाद्या रस्त्यावर आल्या, घरांत कमरेपर्यंत गाळ. हेलिकॉप्टर, लष्कर, पोलीस, उखडलेल्या विजेच्या तारा, ही कामं केंद्राचीच होती आणि ती झाली. त्याबद्दल वाद नाही. पण घराघरातला चिखल हेलिकॉप्टर काढत नाही. त्यानंतरच्या शुक्रवारी देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसं फावडी, खराटे, पाण्याच्या बाटल्या घेऊन आली. कुणी बोलावलं नव्हतं. कुठल्या गल्लीत म्हातारी एकटी राहते, कुठल्या घरात पुरुषमाणूस नाही, हे सांगायला गल्लीतलेच तरुण चौकात उभे होते. ही माहिती कुठल्याही मंत्रालयाच्या फायलीत नसते, आणि ती गोळा करायला बसलं असतं तर गाळ वाळून दगड झाला असता.

सरकारांचं सोडा, जिथं आपण नोकऱ्या करतो तिथंही हाच रोग आहे. माझ्या माहितीतल्या एका कंपनीच्या साइटवर मजुरांच्या छावणीतल्या पाण्याच्या पंपाचा पट्टा तुटला. पट्टा खाबुऱ्याच्या बाजारात हाकेच्या अंतरावर मिळतो, किंमत चहापाण्याइतकी. पण साइट इन्चार्जला एका रियालचाही खर्च परस्पर करायची मुभा नव्हती. मागणीपत्र मस्कतच्या मुख्य कार्यालयात गेलं, तिथं तीन दरपत्रकं मागितली गेली, खरेदी विभागाचा माणूस रजेवर. तोपर्यंत छावणीला टँकरनं पाणी, आणि टँकरचं बिल पट्ट्याच्या कितीतरी पट. नियम चोरी थांबवण्यासाठी केला होता. चोरी थांबली असेलही, तो हिशेब कुणी केला नाही.

याहून जवळचं उदाहरण हवं असेल तर एनओसीचं घ्या. 1 जानेवारी 2021 पर्यंत ओमानात नोकरी बदलून परत यायचं तर आधीच्या अरबाबची, म्हणजे मालकाची, एनओसी (ना-हरकत पत्र) लागे, नाही तर दोन वर्षं देशाबाहेर. चांगला अरबाब असेल तर सही सहज मिळे. नसेल तर माणूस महिनोन् महिने दारात उभा. आपल्यातल्या किती जणांनी ती वाट बघितली, किती जणांच्या बढत्या त्या एका सहीसाठी गेल्या! "अरबाब चांगला असला म्हणजे झालं" असं तेव्हा कुणी म्हणत नव्हतं. एका माणसाच्या मर्जीवर आपलं आयुष्य टांगणं म्हणजे काय, हे त्यांना तेव्हा नीट कळत होतं. नियम बदलला तेव्हा पेढे वाटले आम्ही. आणि तेच लोक आता अख्ख्या महाराष्ट्राला एक अरबाब शोधत आहेत.

शेवटचा आक्षेप नेहमी उपहासानं येतो : मग काय, नगरसेवकांच्या हाती मुंबई द्यायची? प्रयोग करून झाला आहे, उलटा. मार्च 2022 मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि निवडणूक झाली ती थेट जानेवारी 2026 मध्ये. मधली जवळपास चार वर्षं नगरसेवक नव्हते, स्थायी समिती नव्हती, शंभर तोंडं नव्हती. एक प्रशासक आणि त्याच्यावर मंत्रालय. पुणे आणि इतर बऱ्याच महापालिकांतही तोच कारभार. तुमच्या स्वप्नातली व्यवस्था तुम्हाला फुकटात मिळाली होती. त्या चार वर्षांत मुंबईचं मस्कत झालेलं दिसलं असेल तर पुढच्या जेवणाला फोटो घेऊन या.